हामचा शाप

हामचा शाप : हिब्रू धर्मग्रंथांपैकी उत्पत्ती या ग्रंथात (९.१८–२७) आलेल्या एका कौटुंबिक प्रसंगाला परंपरेने मिळालेले नाव. जलप्रलयानंतर नोहाने दिलेल्या शापाची ही कथा आहे. मुळात हा शाप हामला नसून त्याचा पुत्र कनान याला दिलेला आहे. तथापि उत्तरकालीन परंपरेत तो हामच्या नावाने ओळखला गेला आणि हामच्या सर्व वंशजांना लागू करण्यात आला. नावातील हा बदल वरवर किरकोळ वाटला, तरी आफ्रिकी लोकांच्या गुलामगिरीचे धार्मिक समर्थन कित्येक शतके त्याच्याच आधारे करण्यात आले. त्यामुळे जेमतेम दहा वचनांच्या या प्रसंगाच्या अर्थनिर्णयाचा इतिहास हा धर्मशास्त्राप्रमाणेच सामाजिक इतिहासाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरतो.

कथा व तीतील अडचणी : जलप्रलय ओसरल्यावर नोहा आणि त्याचे शेम, हाम व याफेथ हे तीन पुत्र तारवातून बाहेर पडले. नोहाने शेती आरंभिली व द्राक्षमळा लावला. द्राक्षारस पिऊन तो धुंद झाला आणि आपल्या तंबूत विवस्त्र पडला. कनानचा पिता हाम याने बापाची नग्नता पाहिली व बाहेर येऊन ती भावांना सांगितली. शेम व याफेथ यांनी एक वस्त्र आपल्या खांद्यांवर घेतले, पाठमोरे चालत जाऊन पित्याला झाकले आणि तोंडे फिरविलेली असल्यामुळे त्याची नग्नता पाहिली नाही. नोहा शुद्धीवर आल्यावर धाकट्या पुत्राने आपल्याशी कसे वर्तन केले, हे त्याला कळले. त्याने कनानला शाप दिला, की तो आपल्या भावांचा दासानुदास होईल. शेमच्या देवाचा त्याने धन्यवाद केला आणि याफेथचा विस्तार व्हावा, अशी इच्छा व्यक्त केली.

या निवेदनात तीन अडचणी उद्‌भवतात. पहिली म्हणजे हामचा नेमका अपराध काय? निद्रिस्त पित्यावर दृष्टी पडणे हा एवढ्या कठोर शापाला पुरेसा दोष वाटत नाही. दुसरी, अपराध हामचा असताना शाप कनानला का? उत्पत्ती १०.६ प्रमाणे हामला कूश, मिस्राईम, पूट व कनान असे चार पुत्र होते. त्यांपैकी एकट्या कनानचीच निवड का व्हावी, याचे कारण ग्रंथात दिलेले नाही. तिसरी अडचण अपराध्याला ‘धाकटा पुत्र’ म्हटल्याची आहे. कारण या बंधूंची नावे येतात तेथे हामचे नाव नेहमी मधले असते. निवेदकाने मात्र हामचा उल्लेख करताना तो कनानचा पिता असल्याचे दोनदा आवर्जून सांगितले आहे.

अपराधाचे स्वरूप : याविषयी प्राचीन काळापासून भिन्न मते आढळतात. पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसीफस याच्या मते हाम पित्याची अवस्था पाहून हसला व त्याने ती भावांना दाखविली. बॅबिलोनियन तालमुदात (सनहेड्रिन ७० अ) रव आणि शमुएल या दोन आचार्यांचा मतभेद नोंदविलेला आहे : एकाच्या मते हामने पित्याचे पुंस्त्व नष्ट केले, तर दुसऱ्याच्या मते त्याच्यावर लैंगिक अत्याचार केला. धाकट्या पुत्राने ‘केलेले’ कृत्य नोहाला कळले, असे मूळ वचन असल्यामुळे तेथे केवळ पाहण्यापलीकडचे काही घडले असावे, हा या मतांमागील तर्क होय. पहिल्या मतामुळे कनानच्या निवडीचेही एक स्पष्टीकरण मिळते. हामने नोहाला चौथा पुत्र होऊ दिला नाही, म्हणून हामच्या चौथ्या पुत्राला शाप मिळाला.

विसाव्या शतकात या चर्चेला नवे वळण लागले. लेवीय या ग्रंथात (१८.७-८, २०.११) पित्याची नग्नता उघडी करणे हा शब्दप्रयोग पित्याच्या पत्नीशी केलेल्या समागमाला उद्देशून येतो. त्यावरून हामने आपल्या मातेशी अगम्यगमन केले, असे मत एफ. डब्ल्यू. बॅसेट यांनी १९७१ मध्ये मांडले. जॉन बर्गस्मा व स्कॉट हान यांनी २००५ मध्ये त्याचा विस्तार करून कनान हा याच संबंधातून जन्मला, असे प्रतिपादन केले. या मतामुळे शाप कनानला का, याचा उलगडा होतो. त्याला पूरक म्हणून उत्पत्ती १९.३०–३८ मधील लोटच्या कथेचा दाखला दिला जातो. तेथेही पित्याची मद्यधुंदी, अगम्यगमन आणि त्यातून मवाब व अम्मोन या इस्राएलच्या शेजारी जमातींची उत्पत्ती हा क्रम आढळतो. या मतावरील मुख्य आक्षेप असा, की लेवीयातील शब्दप्रयोग नग्नता ‘उघडी करणे’ असा आहे. हामच्या कथेत मात्र तो ‘पाहणे’ असा आहे. शिवाय शेम व याफेथ यांचे पाठमोरे चालणे आणि तोंडे फिरविणे ही कृती शब्दशः दृष्टीसंबंधीच आहे.

उंबेर्तो कास्सूतो (१८८३–१९५१) यांच्यासारखे अभ्यासक म्हणूनच मूळ शब्दांपलीकडे जाण्यास तयार नाहीत. प्राचीन समाजात पित्याची प्रतिष्ठा राखणे हे पुत्राचे आद्य कर्तव्य होते. सिरियातील रास शामरा येथे १९२९ पासून झालेल्या उत्खननांत सापडलेल्या उगारिटी अख्त काव्यात मद्यधुंद पित्याला आधार देणे, हे पुत्राच्या कर्तव्यांत गणलेले आहे. या पार्श्वभूमीवर पित्याला न झाकता त्याची लाज चव्हाट्यावर आणणे हाच गंभीर अपराध ठरतो.

शाप कनानला का : या प्रश्नाचे एक प्राचीन उत्तर कुमरान येथील चौथ्या गुहेत सापडलेल्या उत्पत्तीवरील एका भाष्यात मिळते. देवाने नोहाला व त्याच्या पुत्रांना आधीच आशीर्वाद दिला होता (उत्पत्ती ९.१), देवाने आशीर्वाद दिलेल्या हामला नोहा शाप देऊ शकत नव्हता, म्हणून तो नातवावर गेला, असे ते भाष्य सांगते. उत्पत्ती रब्बा या मिद्राशग्रंथात रब्बी यहूदा यांच्या नावे हेच मत दिले असून रब्बी नहेम्या यांचे मत मात्र वेगळे आहे : नोहाची अवस्था प्रथम कनाननेच पाहिली व इतरांना सांगितली. जुबिलीज या इ. स. पू. दुसऱ्या शतकातील ग्रंथात कनानच्या दोषाची भर घातलेली दिसते. पृथ्वीची वाटणी झाल्यावर कनानने शेमच्या वाट्याची भूमी बळकावली व त्यामुळे तो पुन्हा शापास पात्र झाला, असे त्यात म्हटले आहे.

आधुनिक चिकित्सक अभ्यासक या प्रश्नाचे उत्तर ग्रंथाच्या घडणीत शोधतात. यूलिउस वेलहाउझेन व हेर्मान गुंकेल यांच्या परंपरेतील अभ्यासकांच्या मते येथे दोन भिन्न परंपरांचे मिश्रण झालेले आहे. एकीत नोहाचे पुत्र शेम, हाम व याफेथ, तर दुसरीत शेम, याफेथ व कनान असे होते. दुसऱ्या परंपरेत धाकटा पुत्र व अपराधी कनानच होता. पुढे दोन्हींचा मेळ घालण्यासाठी हाम हा ‘कनानचा पिता’ असल्याची जोड देण्यात आली. धाकटा पुत्र, कनानचे दास्य व तो दुहेरी उल्लेख या तिन्हींचा उलगडा या उपपत्तीने होतो. कथेचा हेतूही त्यावरून स्पष्ट होतो. कनान देशातील मूळ रहिवाशांवर इस्राएलचे वर्चस्व का असावे, याचे समर्थन पूर्वजांच्या कथेतून करणे, हा तो हेतू होय. म्हणजे शापाचा रोख इस्राएलच्या शेजाऱ्यांवर होता. आफ्रिकेशी अथवा कातडीच्या रंगाशी त्याचा काही संबंध नव्हता.

वर्ण व दास्य : उत्पत्तीच्या मूळ संहितेत वर्णाचा उल्लेखच नाही. तालमुदातील एका वचनात (सनहेड्रिन १०८ ब) तारवात असताना संयम न पाळल्याबद्दल हामला त्याच्या कातडीच्या ठिकाणी शिक्षा झाली, असे म्हटले आहे. उत्पत्ती रब्बामध्येही त्याच्या संततीच्या काळेपणाचा निर्देश आढळतो. तथापि या वचनांत वर्णाची सांगड दास्याशी घातलेली नाही. हाम हे नाव ‘काळा’ वा ‘उष्ण’ या अर्थाच्या धातूपासून आले, ही समजूतही प्राचीन आहे; डेव्हिड गोल्डनबर्ग यांनी २००३ मधील आपल्या ग्रंथात ती भाषाशास्त्रीय दृष्ट्या निराधार ठरविली. पश्चिम आशियात आफ्रिकी गुलामांचा व्यापार वाढला, तसतसे सातव्या शतकानंतरच्या साहित्यात काळा वर्ण व दास्य ही दोन सूत्रे एकत्र गुंफली गेली.

या गुंफणीला विरोधही त्याच परंपरांतून झाला. कुराणात हा प्रसंग आलेला नाही; परंतु हामसंबंधीच्या कथा अरबी इतिहासग्रंथांत शिरल्या होत्या. इब्न खल्दून (१३३२–१४०६) याने मुकद्दिमा या ग्रंथात त्यांचे खंडन केले. तोरामध्ये काळ्या वर्णाचा उल्लेख नाही आणि वर्ण हा हवामानाचा परिणाम आहे, असे त्याने प्रतिपादिले. बाराव्या शतकातील यहुदी भाष्यकार अब्राहम इब्न एझ्रा याने ग्रंथातीलच पुरावा पुढे केला. कूशवंशीय लोक नोहाच्या शापामुळे दास झाले, असे म्हणणारे लोक जलप्रलयानंतरचा पहिला राजा निम्रोद हा कूशचाच पुत्र होता (उत्पत्ती १०.८–१०), हे विसरतात, असे त्याने दाखवून दिले. सतराव्या शतकाच्या आरंभी तिंबक्तूचा धर्मशास्त्री अहमद बाबा यानेही वर्णावरून दास्य ठरविण्याचे मत अमान्य केले.

गुलामगिरीचे समर्थन : पोर्तुगीज बखरकार झुरारा याने गिनीच्या मोहिमांचा वृत्तांत १४५३ मध्ये पूर्ण केला. आफ्रिकी बंदिवानांच्या दास्याचे कारण सांगताना त्याने नोहाच्या या शापाचा आधार घेतला. मात्र शापित पुत्राच्या नावाची त्याने काइनच्या नावाशी गल्लत केली. अटलांटिकपार गुलामांचा व्यापार वाढत गेला, तसा हा आधार अधिकाधिक वापरला गेला. त्याला अमेरिकेत आरंभीच आव्हान मिळाले. मॅसॅचूसेट्सचा न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल याने १७०० साली बॉस्टन येथे प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत शाप कनानला होता व काळे लोक कूशचे वंशज आहेत, असे प्रतिपादिले. तरीही एकोणिसाव्या शतकात दक्षिणेकडील संस्थानांच्या व्यासपीठांवरून हे समर्थन सर्रास होत राहिले. विभक्त राज्यसंघाचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्झ याने २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना येथील भाषणात कृष्णवर्णीयांच्या दास्याचा संबंध कनानच्या शापाशी जोडला. स्वतः गुलामगिरीतून निसटलेला फ्रेडरिक डग्लस याने १८४५ मधील आत्मचरित्रात या युक्तिवादाला मार्मिक उत्तर दिले होते. गोऱ्या मालकांपासून जन्मलेली असंख्य मुले गुलामीत वाढत आहेत. तेव्हा हामचे वंशजच दास असावेत, असा नियम मानला, तर दक्षिणेतील गुलामगिरी लवकरच शास्त्रविरुद्ध ठरेल, असे त्याने दाखविले.

वंशशास्त्रातील परिणाम : नोहाच्या तीन पुत्रांवरून मानवजातीचे तीन विभाग पाडण्याची पद्धत विद्वानांतही रूढ होती. विल्यम जोन्स याने १७९२ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढील भाषणात भारतीयांची गणना हामच्या वंशात केली होती. भाषांना उद्देशून वापरली जाणारी सेमिटिक व हॅमिटिक ही विशेषणेही शेम व हाम या नावांवरून आली. एकोणिसाव्या शतकात हामची प्रतिमा नेमकी उलटी झाली. ईजिप्तच्या प्राचीन संस्कृतीचा परिचय झाल्यावर यूरोपीय लेखकांनी हामवंशीयांना गौरवर्णी मानले व आफ्रिकेतील प्रत्येक प्रगत गोष्टीचे श्रेय बाहेरून आलेल्या अशा लोकांना दिले. जॉन स्पीक (१८६३) याने महासरोवरांच्या प्रदेशातील राज्यकर्त्या वर्गांना हे मत लावले आणि सी. जी. सेलिगमन याने १९३० मध्ये त्याला शास्त्रीय रूप दिले. बेल्जियन अमदानीत र्‍वांडामधील तुत्सी लोकांना याच कल्पनेतून श्रेष्ठ व परके ठरविण्यात आले. तुत्सी परके आहेत, ही धारणा १९९४ च्या वंशसंहारापूर्वीच्या प्रचारात त्यांच्याच विरुद्ध वापरली गेली. जोसेफ ग्रीनबर्ग याच्या वर्गीकरणानंतर हॅमिटिक हा भाषागट ग्राह्य मानला जात नाही. आफ्रोआशियाई ही संज्ञा रूढ झाली आहे.

मूल्यमापन : हामचा अपराध कोणता, याविषयी एकमत झालेले नाही आणि संहितेच्या मितभाषी स्वरूपामुळे ते होणे अवघड आहे. दुसऱ्या प्रश्नाची स्थिती मात्र वेगळी आहे. कनानची निवड का झाली, याबद्दल मतभेद असले, तरी शाप कनानला होता, हामला किंवा कूशला नव्हता, याविषयी संहितेत संदिग्धता नाही. गुलामगिरीच्या समर्थनाला ग्रंथातील संदिग्ध भागाचा नव्हे, तर त्यातील स्पष्ट भागाकडे केलेल्या दुर्लक्षाचा आधार होता. इब्न एझ्रा, इब्न खल्दून व स्यूअल हे भिन्न धर्मांचे व भिन्न काळांतील लेखक मूळ ग्रंथात काय आहे व काय नाही, हे पाहूनच एकाच दिशेच्या निष्कर्षाप्रत आले, ही गोष्ट या दृष्टीने लक्षणीय आहे.