स्वतंत्र संगीताचा रसिकवर्ग (महाराष्ट्र)

चित्रपटगीते आणि मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्या यांच्या कक्षेबाहेर राहून स्वतः गाणी रचणाऱ्या, स्वतःच्या खर्चाने ती ध्वनिमुद्रित करणाऱ्या व स्वतःच प्रसिद्ध करणाऱ्या कलावंतांच्या निष्ठावान श्रोत्यांना स्वतंत्र संगीताचा रसिकवर्ग असे म्हणता येते. या संगीतास तरुणांच्या बोलीत ‘इंडी’ संगीत हे नाव रूढ आहे. महाराष्ट्रात हा रसिकवर्ग मुख्यतः मुंबई व पुणे या दोन शहरांतील मैफली, महाविद्यालयीन महोत्सव आणि खुल्या रंगमंचांभोवती आकारास आला. या दोन शहरांच्या मध्ये वसलेल्या रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर या तालुक्यांसारख्या भागांतील श्रोत्यांच्या बाबतीत रसिकता ही केवळ आवडीची गोष्ट राहत नाही. रेल्वेचे वेळापत्रक, घाट आणि ध्वनिक्षेपकाची कायदेशीर मुदत यांच्याशीही तिचा संबंध येतो.

संज्ञा व व्याप्ती

‘इंडी’ हे ‘इंडिपेंडंट’ या शब्दाचे लघुरूप आहे. १९७७ च्या प्रारंभी ‘बझकॉक्स’ या इंग्लंडमधील बँडने ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची तबकडी कोणत्याही मोठ्या कंपनीच्या मदतीवाचून स्वतः काढली. अशा तबकड्यांची संख्या पुढे इतकी वाढली की जानेवारी १९८० पासून ब्रिटनमध्ये त्यांच्या विक्रीची स्वतंत्र क्रमवारी प्रसिद्ध होऊ लागली. आरंभी हा शब्द व्यवहाराची रीत दाखवणारा होता. कालांतराने तो विशिष्ट गायन-वादनशैलीचाही वाचक झाला.

भारतात या शब्दाला निराळी छटा आली. येथे लोकप्रिय संगीत म्हणजे बहुतांशी चित्रपटसंगीत, असे समीकरण दीर्घकाळ राहिल्याने चित्रपटाबाहेरचे नवे गाणे ते सारे ‘स्वतंत्र’, असा व्यापक अर्थ रुजला. त्यामुळे इंग्रजी रॉक, हिंदी पॉप, मराठी रॅप व इलेक्ट्रॉनिक संगीत असे परस्परांहून भिन्न प्रकार या एकाच नावाखाली येतात.

पूर्वपीठिका

आवडत्या गायकासाठी जिवाचे रान करणारा श्रोता महाराष्ट्राला नवा नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आल्यानंतर संगीत नाटकाचा जो काळ सुरू झाला, त्यात पदाला ‘वन्समोअर’ मिळवून देणारा प्रेक्षक हा प्रयोगाचा भागीदारच असे. पुण्यात १९५३ पासून होत असलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाने गावोगावचे रसिक एका मंडपात बसवले. मात्र या दोन्ही परंपरांमध्ये श्रोत्याला पद किंवा राग बहुधा आधीपासून ठाऊक असतो. स्वतंत्र संगीताच्या रसिकाची ओढ याच्या उलट दिशेची आहे: जे अद्याप फारसे कोणी ऐकलेले नाही, ते प्रथम ऐकण्याची.

इतिहास

आरंभ

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात देशातील मोठ्या शहरांत ‘बीट ग्रुप’ निघाले. ‘सिमला बीट’ या स्पर्धेतील बँडच्या गाण्यांच्या तबकड्या १९७० व १९७१ साली निघाल्या. १९७१ मध्येच लोणावळ्याजवळील मळवली येथे ‘स्नेहयात्रा’ हा रॉक संगीताचा महोत्सव भरला. अमेरिकेत १९६९ साली झालेल्या वुडस्टॉक महोत्सवाशी त्याची तुलना केली जाते. मुंबईहून लोहमार्गाने मळवलीस जायचे तर कर्जत स्थानक ओलांडून बोरघाट चढावा लागतो.

या पिढीतील मराठी नाव म्हणजे नंदू भेंडे. आत्माराम व आशा भेंडे या नाट्यदांपत्याचे ते पुत्र. ‘व्हेल्व्हेट फॉग’ या बँडमध्ये गाणाऱ्या भेंडे यांनी पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’ या नाटकातही काम केले. रॉकचा मंच आणि मराठी रंगभूमी यांचा श्रोता एकच असू शकतो, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते. २०१४ साली त्यांचे निधन झाले.

रंगभवनाचा काळ

मुंबईत धोबीतलाव येथील रंगभवन हा खुला रंगमंच १९७८ पासून ‘जॅझ यात्रा’ या महोत्सवामुळे आणि १९८६ पासून फरहाद वाडिया यांनी सुरू केलेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ या मैफलीमुळे प्रसिद्धीस आला. ‘आय-रॉक’ या लघुनामाने ओळखली जाणारी ही मैफल अनेक बँडना मोठ्या समुदायापुढे येण्याची संधी देणारी ठरली.

त्या काळी बहुतेक बँड पाश्चात्त्य गाण्यांची नक्कल सादर करीत आणि श्रोतेही तीच मागत. मुंबईच्या ‘रॉक मशीन’ने स्वतःची गाणी वाजवण्याचा आग्रह धरला. त्यांचा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा अल्बम १९८८ मध्ये आला व १९९३ मध्ये बँडने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. परिचित गाण्याची मागणी सोडून अपरिचित गाणे ऐकून घेण्याची तयारी श्रोत्यांनी दाखवली, तेव्हा येथील स्वतंत्र संगीताच्या रसिकवर्गाची खरी सुरुवात झाली, असे मानता येईल.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत खुल्या जागेत ध्वनिक्षेपकास मनाई आहे. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्याभोवतीचे १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र शांतता क्षेत्र ठरवता येते. रुग्णालय व महाविद्यालय यांच्या सान्निध्यात असलेल्या रंगभवनातील मैफली त्यामुळे बंद झाल्या.

महोत्सव आणि गल्ली

२००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिल आवारात सुरू झालेले ‘ब्लू फ्रॉग’ २०१६ पर्यंत मुंबईतील जिवंत संगीताचे महत्त्वाचे केंद्र होते. डिसेंबर २०१० मध्ये पुण्यात ‘एनएच ७ वीकेंडर’ हा महोत्सव सुरू झाला. एकाच वेळी अनेक रंगमंचांवर कार्यक्रम हे त्याचे वैशिष्ट्य. कोणता बँड ऐकायचा आणि कोणता सोडायचा, हा प्रश्न येथील रसिकास प्रथमच मोठ्या प्रमाणावर पडला.

पुढील वळण रॅपने दिले. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ साली ‘आफत’ हे गाणे आयपॅडच्या साहाय्याने घरच्या घरी तयार केले. २०१५ मध्ये डिव्हाइनसोबतचे ‘मेरे गली में’ आले आणि २०१९ मध्ये या चळवळीवरून प्रेरित ‘गली बॉय’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. ‘स्वदेशी’ या मुंबईच्या गटातील एमसी मवाली यांनी मराठीतून रॅप केले. २०१९ मधील त्यांच्या ‘द वारली रिव्होल्ट’ या गाण्यात आरे वसाहतीतील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा सहभाग होता. २०२४ मध्ये क्रेटेक्स व श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ हे मराठी गाणे नेदरलँड्समधील ‘स्पिनिन’ या कंपनीने प्रसिद्ध केले. अशा वेळी कलावंत अद्याप ‘स्वतंत्र’ म्हणावा काय, असा प्रश्न जुन्या चाहत्यांपुढे उभा राहतो.

रसिकतेचे स्वरूप

या रसिकाच्या उत्कटतेचे मूळ शोधाच्या आनंदात आहे. ज्या गायकाचे नाव वर्गात किंवा कचेरीत कोणालाच ठाऊक नाही, त्याचे गाणे प्रथम आपल्या हाती लागावे आणि ते दुसऱ्याच्या कानी घालावे, यात त्याला धन्यता वाटते. कॅसेटच्या काळात हे काम प्रती करून देण्याने होई. आता दुवा पाठवून होते. देणाऱ्याची उत्सुकता मात्र बदललेली नाही. समोरच्याला गाणे आवडेल की नाही, या क्षणी त्याची स्वतःची पारख पणाला लागलेली असते.

दुसरे कारण जवळिकीचे आहे. शे-दोनशे श्रोत्यांच्या मैफलीत कलावंत व श्रोता यांत दोन हातांचे अंतर असते. गायक शब्द विसरला तर समोरची माणसे ते पुरवतात. कार्यक्रम संपल्यावर तोच गायक तारा गुंडाळताना भेटतो. आपण आलो नसतो तर सभागृहात एक माणूस कमी झाला असता, ही जाणीव मोठ्या स्टेडियममध्ये येत नाही.

तिसरी बाब तणावाची आहे. आवडता बँड प्रसिद्ध व्हावा असे चाहत्याला मनापासून वाटते. पण तो प्रसिद्ध झाला की ‘आपला’ राहत नाही, अशी हुरहूरही वाटते. या विसंगतीतून क्वचित अहंकार जन्मतो. ‘आम्ही आधीपासून ऐकत होतो’ हे वाक्य नव्या श्रोत्याला दूर लोटणारे ठरू शकते.

कर्जत व खालापूर परिसर

कर्जत हे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून लोहमार्गाने सुमारे १०० किलोमीटर अंतरावर आहे. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. घाट चढण्यासाठी पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने येथे जोडली जातात. खालापूर तालुक्यातील खोपोली हे कर्जतहून पळसदरीमार्गे जाणाऱ्या एकेरी शाखामार्गाचे शेवटचे स्थानक होय. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गही याच तालुक्यातून जातो. दोन्ही शहरांतील मैफली म्हटल्या तर हाकेच्या अंतरावर, म्हटल्या तर रात्रीच्या प्रवासाएवढ्या दूर, अशी या परिसराची स्थिती आहे.

रात्री दहाची मर्यादा शहरातील श्रोत्यास अडचणीची वाटते. कर्जतच्या श्रोत्यास मात्र ती एका अर्थी सोयीची आहे. जलद लोकलने कर्जत गाठण्यास सुमारे दोन तास लागतात आणि कर्जतकडे जाणारी शेवटची लोकल मध्यरात्रीनंतर लवकरच सुटते. मैफल दहाला संपली तर ती गाडी मिळते. बंदिस्त सभागृहातील कार्यक्रम लांबला तर शेवटचे गाणे आणि शेवटची गाडी यांपैकी एकाची निवड करावी लागते. खोपोलीच्या श्रोत्यापुढे कर्जतहून पुढे जाण्याचा प्रश्न उरतोच, कारण शाखामार्गावरील गाड्या मोजक्याच आहेत. पुण्याकडून परतणे आणखी कठीण. पुण्याच्या लोकल गाड्या लोणावळ्यापर्यंतच येतात. घाट उतरण्यासाठी लांब पल्ल्याची गाडी अथवा रस्ता हेच पर्याय राहतात. विद्यार्थी व विशेषतः मुली यांच्या बाबतीत मैफलीस जाता येणे न येणे हे तिकिटाच्या किमतीपेक्षा परतीच्या सोयीवर अधिक अवलंबून असते.

स्थानिक परंपरेतील स्वतंत्र गाणे

रायगड-ठाणे पट्ट्यात ‘इंडी’ हा शब्द न वापरताही स्वतंत्र संगीताचा मोठा व्यवहार चालत आला आहे. आगरी-कोळी गीते हे त्याचे ठळक उदाहरण. वेसावे येथील ‘वेसावकर आणि मंडळी’ यांच्या कोळीगीतांनी कॅसेटच्या काळात घराघरांत प्रवेश केला. स्वस्त कॅसेटमुळे प्रादेशिक व लोकसंगीताला मोठ्या कंपन्यांच्या मक्तेदारीबाहेर वाट मिळाली, हे पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या उत्तर भारतातील संगीतविषयक ग्रंथात दाखवले आहे. आज तेच काम यूट्यूब करते. गीतकार, गायक व वादक गावातलेच. चित्रण शेताच्या बांधावर किंवा खाडीकाठी. आणि गाण्याची कसोटी हळदीच्या रात्री. बेंजोवर गाणे वाजताच मांडव उठून नाचू लागला, तर ते गाणे चालले.

हळदीच्या मांडवात नव्या आगरी गाण्याची फर्माईश करणारा तरुण आणि शहरात अपरिचित बँडचे तिकीट काढणारा तरुण हे वस्तुतः एकाच प्रकारचे रसिक आहेत. दोघेही चित्रपटाच्या जाहिरातीविना आलेले गाणे उचलून धरतात. स्वतंत्र संगीताची चर्चा इंग्रजी व हिंदी बँडपुरती मर्यादित ठेवली, तर यांतील पहिला रसिक नोंदीतूनच गळतो.

आर्थिक बाजू

स्वतंत्र कलावंताचे उत्पन्न श्रोत्याच्या कृतीशी थेट निगडित असते. स्पॉटिफायसारख्या सेवांवर जमा झालेला महसूल एकूण श्रवणसंख्येतील वाट्यानुसार विभागला जातो. म्हणून एखाद्या चाहत्याने महिनाभर एकाच छोट्या बँडची गाणी ऐकली, तरी त्याची संपूर्ण वर्गणी त्या बँडला मिळत नाही. याउलट २००८ मध्ये सुरू झालेल्या बँडकॅम्पवर श्रोता गाणी थेट विकत घेतो व किमतीचा मोठा भाग कलावंताकडे जातो. मैफलीचे तिकीट, बँडचे नाव छापलेला सदरा किंवा अल्बमची प्रत विकत घेणे हे यामुळे केवळ हौसेचे कृत्य राहत नाही. पुढचे गाणे निघणार की नाही, हे त्यावर ठरू शकते.

जतन

मोठ्या कंपन्यांकडे संग्रह असतो. स्वतंत्र संगीताचा संग्रह बहुधा चाहत्यांच्या कपाटात असतो. मुंबईच्या ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ या बँडचा ‘ऑब्सेशन ७७’ हा अल्बम बराच काळ दुर्मीळ होता. संग्राहकांच्या आस्थेमुळे त्याचे नाव टिकले आणि २०११ मध्ये अमेरिकेतील ‘नाउ-अगेन’ या कंपनीने त्याची पुनरावृत्ती काढली. आगरी-कोळी कॅसेटबाबत हे काम अधिक निकडीचे आहे. चुंबकीय फीत काळानुसार खराब होते आणि कॅसेटच्या वेष्टनावर छापलेली गीतकार-वादकांची नावे गाणे यूट्यूबवर चढवताना अनेकदा गळून पडतात. जुनी कॅसेट वेष्टनासह जपणारा आणि गाण्याखाली कर्त्याचे नाव न विसरता लिहिणारा रसिक हा या संगीताचा इतिहासकारही ठरतो.