बुचातलं भोक

स्पेसिफिक ग्रॅव्हिटी बॉटलचं काचेचं बूच उजेडाकडे धरलं की त्यातून आरपार गेलेलं केसाएवढं भोक दिसतं. बाटली भरून बूच दाबलं की जास्तीचं पाणी त्यातून वर येतं. ते टिपून घेतलं की बाटलीत दर वेळी तेवढंच पाणी उरतं. सापेक्ष घनतेचा सगळा भरवसा या भोकावर आहे.

या मापनाचं कूळ शोधताना आर्किमिडीजपाशी थांबायची रीत आहे. सांडलेल्या पाण्यावरून त्याने राजाच्या मुकुटातली भेसळ ओळखल्याची गोष्ट व्हिट्रुव्हियसने लिहिली, तीही सुमारे दोनशे वर्षांनंतर. मला ती पटत नाही. १ किलोच्या मुकुटात ३०० ग्रॅम चांदी मिसळली, तर तो शुद्ध सोन्यापेक्षा फक्त १३ घनसेंटिमीटर जास्त पाणी सारील. २० सेंटिमीटर रुंद भांड्यात हा फरक अर्धा मिलिमीटरसुद्धा भरत नाही. एवढं पाणी तर काठाला नुसतं फुगून राहतं!

ही अडचण खरी ओळखली अल्-बिरुनीने. गझनीच्या महमुदाच्या काळात हिंदुस्थानात येऊन इथल्या विद्यांवर ग्रंथ लिहिणारा तो हाच. अकराव्या शतकात त्याने शंकूच्या आकाराचं, निमुळत्या गळ्याचं, तोटी असलेलं भांडं करून घेतलं. गळा अरुंद, म्हणून चिमूटभर धातू टाकला तरी पाणी हलायचं. तोटीतून सांडलेलं पाणी तो तोलायचा. सोन्यासाठी त्याचा आकडा निघतो १९.०५, आजचा १९.३ आहे. अल्-खाझिनीने ११२१ च्या आपल्या ग्रंथात या भांड्याचं वर्णन जपलं, हे आपलं भाग्यच.

१५८६ मध्ये बावीस वर्षांच्या गॅलिलिओने सांडणारं पाणी सोडूनच दिलं. वस्तू आधी हवेत तोलायची, मग पाण्यात बुडवून. काट्याच्या दांडीवर त्याने बारीक तार गुंडाळली आणि तिचे वेढे टोकदार सळईच्या आवाजावरून मोजायचं सुचवलं. वेढे इतके जवळ, की नजर चुकेल, पण कान चुकणार नाही.

पण भुकटी दोऱ्याला कशी टांगणार? रसायनं बहुधा भुकटीतच हाती येतात, म्हणून बाटली हवीच. तिचं पिक्नोमीटर हे नाव ‘दाट’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलं. रिकामी बाटली, भुकटीसह, भुकटी आणि द्रवासह, नुसत्या द्रवासह, अशी चार वजनं घ्यायची. मोरचूद पाण्यात विरघळतं, तिथे रॉकेल वापरायचं आणि आलेल्या आकड्याला रॉकेलच्या सापेक्ष घनतेने गुणायचं. कणांत अडकलेले बुडबुडे मात्र काढायलाच हवेत, नाहीतर आकडा कमी येतो.

आकडा कमी आला तर काय होतं, ते गॅलियमने दाखवलं. १८७५ मध्ये लकोक द ब्वाबोद्रान यांना हा धातू सापडला आणि त्यांच्या मापनात सापेक्ष घनता आली ४.७. मेंडेलीव्ह यांनी तो धातू पाहिलाही नव्हता. आपल्या आवर्तसारणीच्या आधारे त्यांनी कळवलं की ती ५.९ च्या आसपास हवी, नमुना पुन्हा शुद्ध करावा. ब्वाबोद्रान यांनी तो शुद्ध केला, पुन्हा तोलला. आकडा आला ५.९.