सहाव्या लेव्हलला अडकलेला ड्वार्फ

शनिवारी रात्री फासे टाकताना माझा ड्वार्फ जादूगार असतो. १९७४ साली हे चाललं नसतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या मूळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये ड्वार्फनं फक्त लढवय्या व्हायचं, तेही सहाव्या लेव्हलपर्यंतच. माणसाला अशी अट नव्हती. १९७८च्या पुस्तकात तर बायकांच्या ताकदीचा कमाल आकडाही पुरुषांपेक्षा कमी होता.

२०००च्या तिसऱ्या आवृत्तीनं वंशावरून असलेली लेव्हलची अट काढली. २०२४मध्ये 'रेस' जाऊन 'स्पीशीज' आलं; ताकद-बुद्धीचे जादा गुण आता पात्राच्या पूर्वायुष्यावरून मिळतात. खेळ काही मोडला नाही.

दिवसभर कोड लिहितो, म्हणून एवढं कळतं: जन्मावर लावलेली मर्यादा कुणीतरी टाइप केलेली असते. टाइप केलेलं खोडताही येतं.