तो परत आला नाही

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. माळ्यावरचं सामान खाली काढताना आत्याने एक जाडजूड गोल चकती माझ्या हातात ठेवली. "ही तुझ्या पणजोबांची. आमच्या लहानपणी दुधाच्या लोटीवर झाकण म्हणून असायची."

चांगली वजनदार, ब्राँझची, पावणेपाच इंच व्यासाची. मधे एक बाई उभी, पायाशी सिंह, बाजूला दोन डॉल्फिन. कडेने इंग्रजी अक्षरं, आणि एका चौकटीत पणजोबांचं नाव. पुढे हुद्दा नाही, पलटण नाही, काही नाही.

मंडळी, पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याकडून लढताना जे मेले, त्यांच्या घरी अशी चकती पाठवली जायची. अशा तेरा लाखांहून जास्त चकत्या ओतल्या होत्या. हुद्दा मुद्दामच घालत नसत, मरणात सगळे सारखे म्हणून. त्यातली एक संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत येऊन दुधावर झाकण झाली.

आमच्या घरात पणजोबांबद्दल फारसं कुणी बोलत नसे. 'लढाईवर गेले ते गेले', एवढंच. पणजीबद्दल मात्र एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, आणि ती दबक्या आवाजातच सांगितली जायची. पणजी १९५७ साली गेली, आणि शेवटच्या दिवसापर्यंत ती कुंकू लावत होती. तालुक्याच्या खजिन्यातून दर महिन्याला विधवेची पेन्शन आणायची आणि कपाळावर आडवी चिरी! गावातल्या बायका तोंडावर म्हणायच्या, "पेन्शन खाते विधवेची नि कुंकू लावते सवाष्णीचं." हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नसे. आजोबांना या सगळ्याची लाज वाटायची. ते तिला डोक्याने जरा अधू समजायचे, असं आत्या सांगते.

मीही तसंच समजत होतो. खोटं कशाला बोलू?

तर ती चकती घेऊन मी पुण्याला आलो आणि शोधाशोध सुरू केली. युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारा कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन नावाचा एक आयोग आहे, १९१७ साली स्थापन झालेला. त्यांच्या साइटवर नावं शोधता येतात. पण आपली नावं साहेबाच्या कारकुनाने कानाला जशी ऐकू आली तशी लिहिलेली. त्यात पणजोबांच्या नावाचे तर शेकड्याने शिपाई. मग मी गावाच्या नावावरून शोधायचं ठरवलं. इंग्रजीत सात तऱ्हांनी गावाचं नाव लिहून पाहिलं. आठव्या तऱ्हेला सापडलं. १०३वी मराठा लाइट इन्फन्ट्री. अमक्याचा मुलगा, गाव, तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी. मृत्यू ऑगस्ट १९१६. स्मारक : बसरा.

पडद्याकडे बघत किती वेळ बसून होतो कोण जाणे. बायकोने चहा आणून ठेवला, तो गार झाला.

१०३वी म्हणजे आजची पहिली मराठा, 'जंगी पलटण'. ही पलटण पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली होती. नोव्हेंबर १९१५ मध्ये जनरल टाउनशेंडची फौज बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला अडली, आणि मागे हटून तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कुत-अल-अमारा या गावात शिरली. ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा घातला. तो जवळजवळ पाच महिने चालला. शेवटी शेवटी घोडे आणि खेचरं मारून खाल्ली. आपल्या बहुतेक शिपायांनी कित्येक आठवडे त्या मांसाला हात लावला नाही. धर्माचा प्रश्न होता, आणि 'गावी कळलं तर?' हाही होताच. थोड्याशा पिठावर दिवस काढत होते बिचारे. २९ एप्रिल १९१६ ला टाउनशेंड शरण गेला. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. त्यांना उन्हातान्हातून वाळवंटात चालवत नेलं, आणि पुष्कळांना रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामाला जुंपलं. जनरलसाहेब स्वतः इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगल्यात राहिले.

पणजोबा एप्रिलच्या शरणागतीपर्यंत जगले आणि ऑगस्टमध्ये गेले. म्हणजे कैदेत. कुठे, ते नोंदीत नाही. कबर नाहीच.

आणि स्मारक? बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त मृतांची आठवण आहे. ते १९२९ साली उघडलं. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली आहेत, हिंदी पलटणींतल्या अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार नुसता आकडा. अमुक पलटण, आणखी इतके शिपाई. बास! २०२१ मध्ये त्या आयोगाने स्वतःच अहवाल काढून हा दुजाभाव मान्य केला आणि माफीही मागितली. चकतीवर सगळे सारखे, दगडावर नाहीत.

इथवर येऊन मी थांबणार होतो. पण पणजी डोक्यातून जाईना. या सगळ्या कागदांत ती कुठेच नव्हती. आयोगाच्या नोंदीत पणजोबांच्या वडिलांचं नाव आहे, बायकोचं नाही. म्हटलं, जमिनीच्या कागदात तरी असेल.

तीन खेपा घातल्यावर जुना फेरफार आणि त्याला जोडलेला वारसाचा जबाब अशा दोन्हींची नक्कल मिळाली. दोन्ही मोडीत. एका ओळखीच्या मोडी वाचणाऱ्या काकांकडे घेऊन गेलो. फेरफार १९३४ सालचा निघाला. म्हणजे पणजोबा गेल्यावर अठरा वर्षं सातबाऱ्याला त्यांचंच नाव होतं, ते हयात असल्यासारखं! पुढे आजोबा एकवीस वर्षांचे झाले, त्यांना तगाई काढायची होती, म्हणून वारस लावायची वेळ आली. तलाठ्याने नेहमीच्या पद्धतीने लिहिलंय, 'खातेदार मयत, वारस मुलगा'. काकांनी भिंग धरून जबाब वाचायला घेतला आणि एका ओळीवर थांबले. मग हळू वाचलं :

"माझा नवरा लढाईवर गेला, तो परत आला नाही."

खाली पणजीचा अंगठा.

'मयत' हा शब्द तलाठ्याचा. तिचा नाही.

त्या रात्री आत्याला फोन केला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अरे, शेजारच्या वाडीतला एकजण १९१९ मध्ये कैदेतून परत आला होता. त्याच्या घरच्यांनी दिवसकार्यसुद्धा उरकलं होतं. आजी त्याला भेटायला चालत गेली होती म्हणे." आणि थोड्या वेळाने, "त्या चकतीवरचं इंग्रजी आम्हाला कुणाला वाचता येत नव्हतं. एकदा शाळेच्या गुरुजींनी वाचून अर्थ सांगितला, की हा स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला. त्या दिवसापासून आजी ती चकती अक्षरांची बाजू खाली करून ठेवायची."

पेन्शन तिने घेतली, कारण पदरात पोर होतं. बाकी तिच्या हातात काय होतं? मेल्याची तार आली, पैसे आले, ब्राँझ आलं. माणूस मेलेला कुणी पाहिला नव्हता. शेजारचा एक जण तर मेल्यावर परत आला होता. मग तिने कपाळ पुसायचं कुणाच्या सांगण्यावरून? ती अधू वगैरे काही नव्हती. तिला जेवढं ठाऊक होतं तेवढंच ती बोलली, सरकारी कागदावरही. गावाने एकेचाळीस वर्षं टोमणे मारले, तरी त्यात एका शब्दाची भर घातली नाही.

आजोबा असते तर हा जबाब त्यांना वाचून दाखवला असता. त्याच फेरफारावर त्यांचीही सही आहे. म्हणजे त्या दिवशी ते तिथे होते, त्यांनी हे वाक्य ऐकलं असणार. पुढे ते कधीच याबद्दल बोलले नाहीत.

असो. चकती आता माझ्या टेबलावर आहे. घासूनपुसून नाव वर करून ठेवली होती. काल आत्या आली, तिने ती बघितली, काही न बोलता उलटी केली आणि चहा प्यायला बसली. मी तशीच राहू दिली आहे.