परीक्षेची गोळी : १९३७ सालच्या दोन गोष्टी

मागच्या महिन्यात घरी, गडचांदूरला गेलो होतो. पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरनं विचारलं, "दादा, ते लक्ष लागायची गोळी नागपूरले भेटते का?" तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हा लेख.

दोन्ही गोष्टी अमेरिकेतल्या आणि औषधही एकच : बेन्झेड्रीन, म्हणजे अ‍ॅम्फेटामाइन. ऱ्होड आयलंडमधले डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली यांनी वर्तनाच्या अडचणी असलेल्या ३० मुलांना ते आठवडाभर दिलं. त्यांपैकी १४ मुलांची अभ्यासातली प्रगती ठळकपणे दिसली. निष्कर्ष १९३७ मध्ये छापले गेले. एडीएचडी हे नाव तेव्हा नव्हतं, पण त्यावरच्या औषधोपचाराचा इतिहास इथूनच सांगतात.

त्याच सुमारास मिनेसोटा विद्यापीठात मानसशास्त्राच्या प्रयोगांत हेच औषध वापरलं जात होतं. यानं झोप उडते हे विद्यार्थ्यांना कळलं आणि परीक्षेच्या दिवसांत गोळ्या हातोहात फिरू लागल्या. १९३७ मध्येच अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकानं याबद्दल सावध केलं.

आता गंमत बघा. आपण गृहीत धरतो की आधी उपचार आला, मग गैरवापर. तारखा शेजारी ठेवल्या की ते चित्र मोडतं. संशोधनात हीच सवय लावून घ्या : क्रम मनानं ठरवायचा नाही, तारखा लावून पाहायचा.

पुढे मिथाइलफेनिडेट आलं, म्हणजे रिटालिन. भारतात ते 'शेड्यूल एक्स'मध्ये येतं. औषध दुकानदाराला चिठ्ठीची एक प्रत दोन वर्षं जपून ठेवावी लागते. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या यादीतही ते आहे.

पण निदान नसलेल्याला फायदा होतो का? २०२३ च्या एका प्रयोगात ४० निरोगी लोकांना वजनाच्या मर्यादेत जास्तीत जास्त किमतीच्या वस्तू पिशवीत भरायचं कोडं दिलं. मिथाइलफेनिडेटसारखी औषधं घेतल्यावर त्यांची धडपड वाढली, वेळही जास्त गेला, पण त्या धडपडीचा दर्जा घसरला. शिवाय झोप जाते, रक्तदाब वाढतो, सवय लागू शकते.

ज्याला खरंच एडीएचडी आहे, त्याच्यासाठी हे औषध मोलाचं आहे. आपण चोरून घेतो तेव्हा त्याच्या चिठ्ठीकडेही लोक संशयानं बघू लागतात.

तेव्हा भावा, लक्ष लहानपणापासूनच लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेट, त्यात लाज कसली? आणि फक्त परीक्षेची भीती असेल, तर आज रात्री झोप. उद्या सकाळी फोन कर, सोबत बसून वाचू.