बुडबुड्याच्या हिशेबाचा मागोवा

उन्हाळ्यात दूधगंगेचं पाणी खाली गेलं, की कागलच्या काठावरचा एखादा पंप खडे भरडल्यासारखा वाजू लागतो. उघडून पाहावं तर पंख्याच्या पात्यांना बारीक खड्डे. दोष वाळूवर येतो. पण अनेकदा पातं खाल्लेलं असतं बुडबुड्यांनी. पाणी फार खालून ओढावं लागलं, की पंपाच्या तोंडाशी दाब इतका उतरतो की पाणी न तापताच उकळतं. वाफेचे बुडबुडे पुढे जास्त दाबात पोचताच मिटतात आणि पातं टोचून काढतात.

या मिटण्याचा हिशेब 1859 मध्ये इंग्रज गणितज्ञ बेझंट यांनी निव्वळ गणित म्हणून मांडला होता. अथांग द्रवात अचानक पोकळी झाली, तर ती भरायला किती वेळ लागेल? पुढे अभियंते चार्ल्स पार्सन्स यांना वेगवान जहाजांच्या पंख्यांमागे हेच बुडबुडे छळू लागले, आणि 1917 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी तो प्रश्न पुन्हा हाती घेतला. त्यांच्या हिशेबाने पाण्यातली एक मिलिमीटर त्रिज्येची पोकळी हवेच्या दाबाखाली सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्याही आत मिटते. मात्र रिकाम्या पोकळीसाठी शेवटचा दाब अनंत येत होता, म्हणून त्यांनी आत वायू धरला. 1949 मध्ये प्लेसेट यांनी पृष्ठताण आणि बदलता दाब त्या समीकरणात आणला.

या समीकरणांत रसायन मात्र उशिरा आलं. बुडबुडा मिटताना आतल्या वायूला उष्णता बाहेर टाकायला सवडच नसते. तापमान हजारो अंशांवर जातं, वाफेचे रेणू फुटतात आणि हायड्रॉक्सिलचे जहाल कण तयार होतात. वाफही वेळेत बाहेर पडू शकत नाही, आणि तिचे रेणू फुटण्यातच बरीच उष्णता खर्ची पडते. 2000 च्या सुमारास ही गोष्ट समीकरणांत आली. मला हाच या वंशावळीतला सर्वांत देखणा टप्पा वाटतो.

मुंबईच्या यूडीसीटी या रसायन तंत्रज्ञान विभागात, म्हणजे आजच्या आयसीटीत, अनिरुद्ध पंडित आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हा शत्रू कामाला लावला. असे बुडबुडे ध्वनिलहरींनीही करता येतात, पण त्यांचा जोर उगमाजवळच राहतो. म्हणून या गटाने पाणी भोकं पाडलेल्या चकतीतून जोरात सोडलं. भोकाशी दाब पडतो, पुढे सावरतो, आणि तिथे बुडबुडे मिटून सांडपाण्यातली घाण तोडतात. विजयानंद मोहोळकर आणि पंडित यांनी 1997 मध्ये प्रवाहातली खळबळही बुडबुड्याच्या समीकरणात धरली.

ही समीकरणं मुळात एकट्या, गोल बुडबुड्याची आहेत. चकतीमागे असतो तो त्यांचा थवा. म्हणून भोकं किती आणि केवढी, हे आजही गणितानंतर प्रयोगानेच पक्कं करावं लागतं.