बँकेचा मेसेज आला? आधी या शब्दांतला फरक समजून घ्या

सोलापूर : अतिवृष्टीचं अनुदान असो, ऊसबिल असो की पीककर्ज, सगळ्याचा मेसेज आता मोबाईलवर येतो, आणि बऱ्याचदा इंग्रजीत. त्यातले काही शब्द जोडीने येतात. ते सारखेच वाटतात, पण अर्थ वेगळा असतो.

क्रेडिट आणि डेबिट : क्रेडिट म्हणजे खात्यावर जमा, डेबिट म्हणजे खात्यातून वजा. कार्डाच्या बाबतीत मात्र गफलत होते. डेबिट कार्ड, म्हणजे आपलं एटीएम कार्ड, आपल्याच खात्यातले पैसे देतं. क्रेडिट कार्डवरचे पैसे बँकेचे असतात, म्हणजे ती उधारी झाली. 'तुमच्या खात्यावर क्रेडिट करतो, पिन टाका' असा फोन आला तर तो फसवणुकीचा समजावा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करावा.

सँक्शन आणि डिस्बर्स : सँक्शन म्हणजे कर्ज मंजूर झालं. डिस्बर्स म्हणजे ते हातात आलं. मधल्या काळात कागदपत्रं, बोजा नोंद अशी कामं राहिलेली असतात. नुसता सँक्शनचा मेसेज बघून खतवाल्याला किंवा ड्रिपवाल्याला तारीख देऊ नये.

पेंडिंग आणि फेल्ड : पेंडिंग म्हणजे व्यवहार अजून पुरा व्हायचाय. लगेच पुन्हा पैसे पाठवले तर दोनदा जाऊ शकतात. फेल्ड म्हणजे व्यवहार झालाच नाही. यूपीआयने दुसऱ्याच्या खात्यावर पाठवताना पैसे कट झाले आणि समोर जमा झाले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे ते दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

ड्यू आणि ओव्हरड्यू : ड्यू म्हणजे भरायची तारीख किंवा देणं असलेली रक्कम. ओव्हरड्यू म्हणजे तारीख उलटली, खातं थकबाकीत गेलं. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर व्याज शून्य टक्के पडतं. तारीख चुकली की ही सवलत जाते. म्हणून मेसेजमध्ये 'ड्यू' दिसला की तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

तरीही शब्द कळला नाही तर मेसेजमधली लिंक उघडू नये. पासबुक घेऊन शाखेत जावं आणि विचारावं.